अहो, गोळी घ्या

पुण्याजवळ भुकूमला खोली भाड्यानं घेतली तेव्हा सुरुवातीला माझी पक्की समजूत होती, की खालच्या मजल्यावर घरमालक अंथरुणाला खिळून आहेत. रोज सकाळी मालकीणबाईंचा, म्हणजे इंदूकाकूंचा, आवाज जिन्यातून वर यायचा. "अहो, गोळी घ्या." मग, "अहो, कान इकडं करा." काय ती सेवा! मी लातूरचा, रीतीभातीचा माणूस. सफरचंदं घेऊन मालकांना भेटायला गेलो.

काकूंनी मला बसवलं, सफरचंद चिरलं, एकेक बी नखानं काढून टाकली आणि फोडी वाटीत घालून जमिनीवर ठेवल्या. "अहो, या. लातूरकरांनी आनलंय." पलंगाखालून एक म्हातारा, तांबूस, गावठी कुत्रा आळस देत बाहेर आला. मालक भिंतीवर होते, हार घातलेल्या फोटोत.

सफरचंदाची बी कुत्र्याला बाधते आणि कांदा तर विषच, हे मला त्या दिवशी कळलं. रेबीजच्या इंजेक्शनासाठी काकू दरवर्षी त्याला रिक्षातून पौडला नेतात. बाहेरून आला की त्याच्या बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधत बसतात. शिवारात बिबट्या दिसल्यापासून दिवेलागणीला दार बंद. मांजरही आत, तिची मर्जी असो वा नसो. "जीव पाळलाय, हौस न्हाई," हे काकूंचं पालुपद. मी स्वतःची बीपीची गोळी विसरणारा माणूस. मला या बाईपुढे हात जोडावेसे वाटायचे.

गेल्या लग्नसराईत दारावरून वरात चालली होती. फटाक्यांची माळ लागली आणि अहो उघड्या फाटकातून पळाले. अंधारून येत होतं. काकू अनवाणीच पौड रस्त्याला लागल्या, मागं मी.

"अहो! अहो, कुटं हाय तुमी?"

वरातीतला यच्चयावत लग्न झालेला पुरुष मागं वळला. एकानं तर सवयीनं "आलो" म्हणूनही टाकलं. एरवी मी पोट धरून हसलो असतो, पण काकूंचा चेहरा बघवत नव्हता.

तो सापडला एका उभ्या टेम्पोखाली, थरथरत. मी यू यू केलं, बिस्कीट दाखवलं. हलेना. काकू रस्त्यावरच खाली बसल्या आणि घरातल्याच आवाजात म्हणाल्या, "अहो, जेवायला चला." तो सरपटत बाहेर आला.

परतताना मी म्हटलं, काकू, याला एखादं नाव ठेवा की, लोक हसतात.

"नाव हाय. राजा. ह्यांनीच ठेवलंय." काकूंचा हात त्याच्या पाठीवर होता. "मी हाक मारायची, अहो, जेवायला चला. रानातनं दोघंबी यायचे. हे गेले, अन् ह्यो बांधावर बसून ऱ्हायला. राजा राजा करून घसा बसला माजा. उठंना. मग सवयीनं तोंडातनं अहो गेलं, तर आला की पळत."

फाटकाशी आल्यावर त्या थांबल्या. "ह्यो बी गेला, तर अहो कुनाला म्हनू रं?"

मी फाटकाची कडी नीट लावून घेतली. आता सकाळी खालून ती हाक आली की जिन्यात माझा पाय थांबतो. फरशीवर त्याची नखं वाजली, की मगच मी ऑफिसला निघतो.