फुलाफुलांच्या कव्हराखालचा गुन्हा

आपल्यासारखा शोधक मेंदू शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो, असं मामा सांगत. आणि दुसरं कोणी सांगत नसल्यामुळे त्यांना ते वरचेवर सांगावं लागे. त्यांच्या सहायक म्हणजे मामी. भिंग, वही आणि मामांच्या पित्ताच्या गोळ्या सांभाळणं हे त्यांचं काम.

आजचं प्रकरण घरचंच होतं. भाचीचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, कंपनीचं चिन्ह दाखवायचा, बंद पडायचा आणि आपला आपण पुन्हा पहिल्यापासून. सकाळपासून बावीस वेळा. तिचा तीन वर्षांचा प्रबंध आत अडकला होता. बाराच्या आत तो विद्यापीठाला पोचला नाही तर वर्ष फुकट, आणि अकरा तर वाजून गेले होते.

"घटनास्थळाला कोणी हात लावायचा नाही," मामांनी बजावलं. त्यामुळे टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर मामींनी कालच हौसेने चढवलेलं, स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं कव्हरही जागचं हललं नाही.

"व्हायरस," मामा म्हणाले.

"मामा, नेटची वायर मी केव्हाच काढलीय."

"मग आतलाच कोणीतरी फितूर आहे."

त्यांनी वायरमनला बोलावलं. वीज व्यवस्थित निघाली, म्हणून मामांनी वायरमनवरच संशय घेतला. तो चहा न घेताच गेला. साडेअकराला त्यांनी भाचीला बाजूला घेऊन विचारलं, "प्रबंध लिहिलायस ना नक्की?" ती हमसून रडायला लागली. मामींना नवऱ्याचा भयंकर राग आला.

तेवढ्यात भाचीची आई कपड्यांची बादली घेऊन आली. "वहिनी, तुमच्या कव्हरावर चहा सांडलाय हिने. मशीन लावतेय, यातच टाकते," असं म्हणत तिने ते ओढून काढलं.

"ताई, पुरावा," मामा कळवळले.

कॉम्प्युटर सुरू झाला आणि सुरूच राहिला. भाचीने प्रबंध पाठवला तेव्हा बाराला नऊ मिनिटं कमी होती. मग ती आईच्या गळ्यात पडून पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं होतं.

मामांनी बादलीतून कव्हर उचललं आणि भिंगातून पाहिलं. माप जरा घट्टच झालं होतं. डब्यातला पंखा फिरला की कापड आत ओढलं जायचं आणि जाड शिवण रिस्टार्टचं बटण दाबायची. भिंग हळूहळू मामींकडे वळलं. मामींचा चेहरा उतरला. पोरीचं वर्ष आपण घालवत होतो, या विचाराने त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मामांनी वही मागून घेतली, "गुन्हेगार फरार" असं लिहिलं आणि कव्हर बादलीत परत टाकलं.

"ताई, हे जरा कडकडीत पाण्यात धू," ते म्हणाले. "आटलं तरी चालेल."