पंधरा शिलिंगांची शिवण

"व्हर्ना, टेबलावरच्या नोटेला कुणी हात लावला?"

"मी लावला. नीट करून ठेवलीय. हात धू आणि जेवायला बस."

क्लेटन रेबर खुर्चीत बसला तो बसलाच. नोट आपल्या पेनसिल्व्हेनियाचीच, इंग्रजी अमलातली, १७७३ सालची, पंधरा शिलिंगांची. मधोमध फाटून तिचे दोन तुकडे झालेले आणि ते तपकिरी दोऱ्याने कसेबसे टाचलेले. आता, आमच्याकडच्या नोटा जमवणाऱ्या मंडळींची एक गंमत आहे. कोरी करकरीत नोट पाहून ते नुसती मान डोलावतात. पण त्या काळी कुण्या बाईने चुलीपाशी बसून शिवलेली फाटकी नोट दिसली, की त्यांना अगदी गहिवरून येतं. ते टाके उसवणं म्हणजे महापाप! क्लेटनने तर दुपारच्या प्रदर्शनासाठी चिठ्ठीही लिहून ठेवली होती: 'त्या काळच्या गृहिणीच्या हातची अस्सल शिवण.'

आणि व्हर्ना म्हणजे चर्चच्या गोधडी मंडळात जिचे टाके भिंगातून बघावे लागतात, ती बाई. तिने नोट अशी शिवली होती, की फाटली होती कुठे तेच कळेना.

"अगं, अडीचशे वर्षांचं वाटोळं केलंस!"

"किती वाकडे टाके होते ते! गेल्या वर्षी हिला दुसरा नंबर मिळाला तर तीन दिवस धड जेवला नाहीस तू. म्हटलं, यंदा तरी चार लोकांत न्यायच्या लायकीची दिसू दे. जुन्याच भोकांतून सुई घातलीय हं, एक नवं भोक पाडलेलं नाही."

"आणि जुना दोरा?"

"व्हॅक्यूममध्ये गेला असेल."

क्लेटनने व्हॅक्यूमची पिशवी ओसरीवर उलटी केली. वाऱ्याने निम्मा कचरा शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला आणि तिने तिथूनच क्लेटनचा उद्धार केला. उरलेल्या कचऱ्यात चार तपकिरी धागे सापडले. पण रेबरांचा कुत्रा टग हाही तपकिरीच. तीन धागे नक्की दोऱ्याचे होते. चौथ्याबद्दल टगला काही विचारता येत नव्हतं.

"आता होतं तसं शिव परत," क्लेटन धागे औषधाच्या बाटलीत भरत म्हणाला.

व्हर्नाने आधी कागदी पिशवीवर तीनदा करून पाहिलं. तीनही वेळा टाके रांगेत आले. "वाकडं घालायला हातच वळत नाही रे! आईने छडी मारमारून सरळ केलाय."

मग क्लेटनने स्वतः सुई घेतली, तर ती पहिल्याच टाक्याला अंगठ्यात शिरली. "ठेव ती! रक्त सांडशील नोटेवर," म्हणून व्हर्नाने सुई काढून घेतली.

बरं, गप्प बसावं, तर गेल्या वर्षी याच प्रदर्शनात डेल किस्लरच्या नोटेला नवा गोंद लावलाय म्हणून बोंब मारून ती बाद करवणारा हाच. शिवाय नोटेवर छापलेलंच होतं: खोटी करणाऱ्यास देहदंड.

दुपारी दोघं प्रदर्शनाला गेली. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये परीक्षक होते एक्याऐंशी वर्षांचे हार्लन मॉयर. त्यांनी नोटेवर भिंग धरलं आणि बराच वेळ हलवलंच नाही.

"क्लेटन, ही शिवण..."

"माझ्या बायकोची आहे!" क्लेटन एका दमात बोलून गेला. "आजच सकाळची. मीच नोट उघडी टाकली होती, तिची चूक नाही. करा बाद."

डेल किस्लरचा चेहरा उजळला. मॉयर मात्र खाली बसले.

"जुना दोरा तपकिरी होता ना?"

"हो. काळाने तपकिरी झालेला."

"कॉफीने," मॉयर म्हणाले. "जुना दिसावा म्हणून माझ्या आईने बुडवला होता. मी नुकताच बाबांच्या जुन्या नोटांच्या दुकानात बसायला लागलो होतो, ही नोट माझ्या हातून टरकन फाटली. बाबा मला बोलतील म्हणून तिने गुपचूप शिवली. शिवणकामात आमची आई ठोंब! पण बाबांना वाटलं जुनंच काम आहे, विकून मोकळे झाले. आम्ही मायलेक गप्प. गेल्या वर्षी मला तुला पहिला नंबर देववेना आणि खरंही सांगवेना."

पहिला नंबर अर्थात डेलला गेला.

"तो दोरा टाकलास का रे?" मॉयरनी हळूच विचारलं. क्लेटनने खिशातून बाटली काढून दिली.

"हार्लन, त्यातला एक बहुतेक आमच्या टगचा केस आहे," व्हर्नाने सांगून टाकलं. "नक्की काय ते आम्हालाही कळलं नाही."

"असू दे," म्हणत मॉयरनी बाटली वरच्या खिशात ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला.

क्लेटनने चिठ्ठीवर काट मारली आणि खाली लिहिलं: 'शिवण: व्हर्ना रेबर.' मग तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "सकाळी फार बोललो मी."

व्हर्नाने चिठ्ठी दोनदा वाचली. "अक्षर किती वाकडं काढलंयस! आण इकडे, नीट करते."

"राहू दे," क्लेटन घाईघाईने म्हणाला. "त्याला हात लावू नकोस."