नादयंत्राचें कोठार आणि हौसाबाईचा डावा हात

श्री. जो नादाच्या आधीं होता आणि नाद थांबल्यावरही राहील, त्यास दंडवत. आणि लिहितां लिहितां हात कांपूं नये, इतकेंच त्याजपाशीं मागणें. शके १९०४, दुंदुभिनाम संवत्सर, आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून दशमीपर्यंत जें घडलें तें येथें लिहिलें. राज्याचें नांव लिहीत नाहीं. राज्य लहान, एका वेशींत कोणी शिंकलें तर दुसऱ्या वेशींतला माणूस मागें वळून पाही, एवढेंच. परंतु मान थोर, आणि दरबारांत वाकावें किती, उभें राहावें कोठें, हात कोठें ठेवावे, याचे नियम दोन चोपड्या भरून. दरबारांत जें घडे तेंही त्यांतच टिपलें जाई. त्या चोपड्या तेव्हां या बखरकाराचे हवालीं होत्या. बखरकार जन्माचा भित्रा. हें आधींच लिहून ठेवितों, म्हणजे मागाहून कोणी मोठा शोध लावल्यासारखें बोलावयास नको.

त्या राज्यांत थोरल्या महाराजांनीं दूर देशाहून आणविलेलें नादयंत्र होतें. रयत त्यास अ‍ॅम्प्लिफायर म्हणे. लोखंडाची पेटी, दोघांनीं मिळून उचलावी एवढी जड, वर कांचेचे व्हॉल्व, ते पेटले म्हणजे आंत नारिंगी निखारा दिसे, आणि कोपऱ्यांत काळा ट्रान्सफॉर्मर. मग महाराज कैलासवासी जाहले आणि राज्य आईसाहेबांकडे आलें. आईसाहेबांस ऐंशीवें वर्ष लागलें आणि आवाज इतका बारीक जाहला कीं जवळच्या दासीसही कान पुढें करावा लागे. परंतु दसऱ्यास मैदानांत त्या यंत्रापुढें बोलत आणि तें शेवटच्या वेशीपर्यंत ऐकूं जाई, आणि रयत म्हणे, आईसाहेब आहेत, म्हणजे सारें जागच्या जागीं आहे. त्या सालीं पोळ्यापासून यंत्र घरघरूं लागलें. आधीं मांजरासारखें, मग जात्यासारखें, आणि मग बोलणें त्या घरघरीखालीं पुरतें गाडलें गेलें. आणि एके दिवशीं पेटींतून जळका धूर निघाला, तेव्हांपासून कोणी यंत्राजवळ जाईना.

न जाण्यास कारण होतें. यंत्र आलें तेव्हांपासून दरबारची एक रीत होती, तीस उघडणी म्हणत. दर सालीं घट बसले कीं यंत्र उघडावें. व्हॉल्व एकेक काढून चांदीच्या तबकांत मांडावे आणि त्यांस हळदकुंकू वाहावें. एक व्हॉल्व खोबणींत घट्ट बसला होता, तो निघत नसे, म्हणून तेवढा राहूं द्यावा. मग त्या रिकाम्या यंत्रास क्षणभर वीज देऊन त्याचा तांबडा दिवा देवीस दाखवावा. मग वायर भिंतींतून काढावी, पेटी कुशीवर करावी, आणि यंत्र राखणारानें उजवा हात तिच्या लोखंडी अंगास व डावा हात आंतल्या तारांस लावून दोन्ही हात डोळ्यांस लावावे. बावीस वर्षें हें निर्वेध चाललें. तेविसाव्या वर्षीं लखोबा तांबट, जो यंत्राची राखण करी, त्यानें हात लाविले, आणि ताठ होऊन मागें पडला, आणि पुन्हां उठला नाहीं. वायर तर काढलेली. सर्वांनीं जमिनीवर पडलेली पाहिली. तेव्हां त्र्यंबकपंत कारभारी म्हणाले, "हा प्यायलेला असला पाहिजे. लिहा, मुखास वास असतां यंत्रास शिवला, म्हणून देवीचा कोप जाहला." बखरकार लखोबापासून हातभर अंतरावर उभा होता. वास आला नव्हता. परंतु पंतांनीं बखरकाराकडे पाहिलें, आणि बखरकारानें लिहिलें. मग लखोबाच्या घरच्यांस वेशीबाहेर जावें लागलें, आणि पेटीस कुलूप पडलें. यंत्र बाहेरून चाले, परंतु उघडणी थांबली, आणि त्यास बारा वर्षें जाहलीं.

आतां दसरा तोंडावर आला. शेजारच्या बाजारपेठेंत रेडिओ दुरुस्त करणारी एक बाई आहे, व्हॉल्वचीं यंत्रें तिच्यावांचून त्या मुलखांत कोणास कळत नाहींत, ऐसें कळल्यावरून बोलावणें गेलें. प्रतिपदेस सकाळीं ती दरबारांत आली, खांद्यास कापडी पिशवी, पायांत रबराच्या चपला, त्या तिनें काढल्या नाहींत. आणि पंतांचा चेहरा उतरला. ती लखोबाची लेक हौसाबाई. तिनें चिकाच्या पडद्याकडे पाहून, ज्याआड आईसाहेब बसल्या होत्या, मान लवविली, आणि मग पेटीकडे पाहिलें, आणि डावा हात पाठीशीं नेऊन कमरेला खोंचलेल्या पदरांत घट्ट अडकविला.

पंत म्हणाले, "हात पुढे घ्या. आईसाहेबांसमोर पाठीशी हात धरून उभ्या राहता?"

हौसाबाई म्हणाली, "ह्याच्यापुढं एकच हात, पंत. आमच्या धंद्याची रीत हाय. एका हाताला लागलं तर चटका बसतोय. दोन हात लागलं तर काळजातनं जातंय."

"दरबारची रीत वेगळी आहे. उघडणी झाल्यावाचून पेटीला हत्यार लागणार नाही. दोन्ही हात लावा, डोळ्यांना लावा, आणि मग काय करायचं ते करा. नाहीतर आल्या वाटेनं जा. दसरा यंत्रावाचून होईल."

पडद्याआडून बारीक आवाज आला, तो दासीनें मोठ्यानें सांगितला, "आईसाहेब म्हणतात, रीत आहे ती व्हावी."

हौसाबाई म्हणाली, "व्हईल. पर आधी माझ्या बाची वळ वाचा. चोपडीत काय लिवलंय, ते मला एकदा ऐकू द्या." तेव्हां बखरकारानें चोपडी उघडून ती ओळ वाचली, आणि वाचतांना स्वतःचाच आवाज परका वाटला. हौसाबाईनें विचारिलें, "लिवनारं तुमीच का?" बखरकार म्हणाला, "मीच." तिनें विचारिलें, "वास आला हुता?" बखरकारानें पंतांकडे पाहिलें, आणि चोपडी मिटली. ती म्हणाली, "बरं." इतकेंच म्हणाली, आणि तें शिवीपेक्षां जास्त लागलें.

मग पेटीचें कुलूप काढून उघडणी सुरू जाहली. व्हॉल्व तबकांत मांडले, हळदकुंकू वाहिलें, घट्ट बसलेला तेवढा जागीं राहिला. यंत्रास क्षणभर वीज दिली, तांबडा दिवा लागला, देवीस दाखविला, आणि वायर काढून जमिनीवर टाकली. पेटी कुशीवर केली. आंतल्या तारांवरचें रबर वाळून भाकरीच्या कोरासारखें गळून पडत होतें, आणि खालीं उघडें तांबें दिसत होतें. आणि तांब्याच्या एका टोंकाशीं जुना काळा डाग होता, त्याकडे हौसाबाई एकटक पाहत राहिली. आणि मग तिनें पदरांतून डावा हात बाहेर काढिला. बारा वर्षांपूर्वीं लखोबाचा हात असाच पुढें गेला होता, तेवढ्याच सावकाशीनें. एक शब्द बोलावयाचा होता, थांब म्हणावयाचें होतें, आणि तो शब्द तोंडांत आला, आणि पंत शेजारींच उभे होते, आणि तो शब्द तोंडांतच राहिला. हें लिहितांना लाज वाटते. परंतु लिहिलें नाहीं तर ही दुसरी खोटी ओळ होईल.

तो डावा हात पिशवींत गेला. पिशवींतून लांकडी मुठीचा लांब पेचकस निघाला, तो तिनें उजव्या हातांत घेतला, आणि डावा हात पुन्हां पाठीशीं गेला. "दोन हातांचं काम ह्यो एकटा करतोय," ती म्हणाली, "समद्यांनी मागं सरा." आणि पेचकसाचें पातें तिनें पेटीच्या लोखंडास टेकविलें, आणि तसेंच तिरपें करून उघड्या तांब्यास लाविलें. तों बंदुकीसारखा बार जाहला आणि निळी ठिणगी उडाली. दासी किंचाळली, पंत मागच्या खांबावर आदळले आणि त्यांचें पागोटें घरंगळत पडद्यापाशीं गेलें. पेचकसाचें टोंक वितळून तेथें खांच पडली होती. दरबारांत जळक्याचा वास भरला.

मग पंत हळूच म्हणाले, "पण वायर तर काढलेली होती."

"बा बी तेच बघून गेला," हौसाबाई म्हणाली. "ह्यात कंडेन्सर हाईत, त्ये विजेचं कोठार. समदे व्हॉल्व जागेवर असले की साठा त्यांच्यातनं उतरतोय. तुमी त्ये काढून तबकात ठेवता. आन् जो निघत न्हाई त्योच नेमका कोठार भरनारा. रिकाम्या यंत्राला दिवा दावला की कोठार गळ्यापतोर भरतंय, आन् उतरायला वाट न्हाई. मग वायर काढली काय आन् न्हाई काय. बावीस वरसं तारंला रबर हुतं म्हनून समदे वाचले. रबर गेलं, आन् बा गेला." आणि मग तिनें पेचकस खालीं ठेविला आणि भिंतीस टेकून बसली.

तेव्हां बखरकाराच्या तोंडून शब्द निघाला. तो पंतांकडे न पाहतां निघाला. बखरकार म्हणाला, "वास आला नव्हता." पडदा हलला.

मग द्वितीयेपासून सप्तमीपर्यंत हौसाबाईनें यंत्राचें पोट नवें केलें. काय काढिलें आणि काय घातलें हें लिहिण्यास बखरकारास बसविलें होतें, आणि बखरकार पेटीपासून चार हात दूर बसे. जुने कंडेन्सर फुगून त्यांच्या बुडाशीं चिकट पाणी सुटलें होतें, ते तिनें काढिले, आणि नवे घातले, आणि कोणतें टोंक कोणीकडे हें तीन वेळां पाहून मगच डाख दिला. उलटें लागलें तर फुटतें, म्हणाली. रबर गळलेल्या वायरी साऱ्या उपटून नव्या ओढिल्या. आणि कंडेन्सरच्या दोन टोंकांमध्यें बोटाएवढा एक रेझिस्टन्स बसविला, जो पूर्वीं नव्हता. तो कशास, ऐसें विचारिलें, तेव्हां म्हणाली, "ह्यो साठ्याला वाट. बंद केलं की गुपचूप उतरवून टाकतोय." आणि डाख देतांनाच काय तो सुटे, एरवीं सारा वेळ तिचा डावा हात पदरांत असे. रोज काम धरण्याआधीं ती साठा मोजणाऱ्या मीटरचा कांटा पाही, आणि कांटा तळाशीं असला तरी पुन्हां एकदां पाही. बखरकारास वाटे, हिला भय नाहीं. अष्टमीस कळलें कीं तीस सर्वांहून जास्त भय होतें, म्हणून ती जिवंत होती.

अष्टमीस वीज द्यावयाची. तिनें यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेंत शंभर वॅटचा एक बल्ब जोडिला आणि सांगितलें कीं, "बल्ब ढणढणा पेटून तसाच राहिला, तर आत कुठंतरी घात हाय. मंद झाला, तर ठीक." सर्व दाराबाहेर उभे राहिले. पंतही आले होते आणि सर्वांच्या मागें होते. तिनें एका हातानें बटण दाबिलें, आणि बल्ब ढणढणा पेटला. पेटला तो पेटलाच. हौसाबाईचे ओंठ हलत होते. ती कांहीं मोजीत होती कीं बापास हांक मारीत होती, तें ऐकूं आलें नाहीं. बखरकारानें डोळे मिटले. उघडले तेव्हां बल्ब तांबूस जाहला होता, आणि मग विझूं विझूं जाहला, आणि पेटींत व्हॉल्वचे निखारे एकामागून एक फुलले, आणि कर्ण्यांतून कांहींच ऐकूं आलें नाहीं. घरघर नाहीं, खरखर नाहीं. मग तिनें माईकवर नखानें टिचकी मारली आणि बाहेर अंगणांतलीं कबुतरें उडालीं.

नवमीस आईसाहेबांनीं विचारिलें, काय द्यावें. हौसाबाई म्हणाली, "बाची वळ खोडा. आन् खरी लिवा. आन् लिवली म्हंजे झालं न्हाई, उद्या मैदानात तुमी सोता वाचा." पंत म्हणाले, चोपडींत पडलेली ओळ खोडण्याची रीत नाहीं, आणि खोडील त्यास चोपड्या हातीं धरतां येणार नाहींत, ऐसा नियम आहे. नियम खराच होता. बखरकारानेंच पूर्वीं नकलून ठेविला होता. आईसाहेबांनीं बखरकाराकडे पाहिलें. बखरकाराचा टांक दोनदां खालीं पडला, आणि तिसऱ्यांदां उचलून त्यानें ओळ खोडिली आणि खालीं दुसरी लिहिली.

दशमीस मैदानांत रयत जमली. आईसाहेब यंत्रापुढें आल्या. सोन्याचें पान देण्याआधीं त्यांनीं कागद डोळ्यांजवळ धरिला, आणि तो बारीक आवाज यंत्रांतून शेवटच्या वेशीपर्यंत गेला, इतका निर्मळ कीं मध्यें घेतलेला श्वासही ऐकूं आला: "लखोबा तांबट शुद्धीत होता. त्याने काहीही चुकीचे केले नाही. तो दरबारच्या रीतीने गेला." कोणी जयघोष केला नाहीं. हौसाबाई यंत्रापाशीं उभी होती. तिनें डावा हात पदरांतून सोडविला आणि दोन्ही हातांनीं तोंड झांकून घेतलें.

सारांश. उघडणीची रीत मोडली. आतां पेटी उघडणारा आधीं कांटा पाहतो आणि एक हात पाठीशीं ठेवितो, आणि दरबार त्यास बेअदबी म्हणत नाहीं. चोपड्या बखरकाराकडून काढून घेतल्या, त्या दुसऱ्याकडे गेल्या, आणि ही हकीकत घरीं बसून आठवणीनें लिहिली. पंत अजून कारभारी आहेत आणि रस्त्यांत भेटले तर बखरकाराच्या छातींत अजून धडधडतें. म्हणून लिहितांना डावा हात पाठीशीं धरिला होता. लिहिलें तें उजव्यानें, आणि खरें लिहिलें.