सगुणदादांचं कदेल

सत्तरीकडे झुकलेला एक माणूस डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची उलटी घेऊन भर उन्हात रस्त्याने धावतोय असं तुम्हाला दिसलं, तर तुम्ही काय समजाल? कुठे मंडप घालायला निघालाय, नाहीतर डोकं फिरलंय. आमच्या गोव्यातल्या मुळगावात तसं कोणी समजत नसे. आम्ही एवढंच विचारायचो, "आज कोणाकडे?"

कारण सगुणदादा कदेल घेऊन धावले म्हणजे गावात कोणाच्या तरी अंगणात कर्जवसुलीवाला येऊन उभा राहिलाय हे नक्की. कदेल म्हणजे खुर्ची. पोर्तुगीज गेले, कदेल राहिलं. दादा धापा टाकत त्या अंगणात शिरायचे, वसुलीवाल्यापुढे खुर्ची ठेवायचे आणि म्हणायचे, "पयलें बस, मागीर उलय." आधी बस, मग बोल. तो बिचारा घरून शिव्यांची तयारी करून आलेला. खुर्ची बघून त्याची निम्मी वाफ तिथेच जायची. बसून ओरडता येत नाही, तुम्ही करून बघा.

दादा हल्ली कोल्हापूरला मुलाकडे असतात. माझ्या दुकानासमोर ते बसायचे ती जागा ओस पडलीय. एरवी दिवसभर माझं डोकं खात म्हणून मी करवादायचो. आता सकाळी पोदेर पावाची टोपली ठेवून गेला की माझी नजर आपोआप त्या वळणाकडे जाते. काय करणार, सवय.

लोहखनिजाच्या खाणी चालू होत्या तेव्हा दादांचा स्वतःचा टिपर ट्रक होता. पाळीच्या खाणीवरून माल भरून येताना ते माझ्याकडे थांबत. एक कोप चहा आणि एक गरम पोय, म्हणजे कोंड्याचा पाव. दादा लाल, पोय लाल, माझ्या बरण्यांची झाकणं लाल. त्या धुळीला मी रोज शिव्या घालायचो. आता धूळ नाही, आणि खरं सांगतो, कधीकधी चुकल्यासारखं वाटतं. तेव्हा रस्त्याला माणसांची ये-जा होती, भांडणं होती, उधारी होती आणि उधारी फिटतही होती.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक जागच्या जागी उभे राहिले, त्यांच्यावर वेली चढल्या. हप्ते मात्र चालूच राहिले. दादांच्या अंगणात दोघे वसुलीवाले आले, बूट घालून थेट तुळशीपुढे उभे राहिले, आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं बोलले. दादांची बायको, सुभद्रावहिनी, दाराआड पदर तोंडात धरून उभ्या होत्या. ट्रक गेला. वहिनीही त्यानंतर फार टिकल्या नाहीत. एकुलता एक महेश नोकरी शोधत कोल्हापूरला गेला, तो गणेशचवथीलासुद्धा येईना. आमच्याकडे चवथीला माणूस घरी आला नाही म्हणजे काहीतरी मोठं बिनसलंय असं समजावं. दादा म्हणायचे, "बँकेंत सायब आसा तो. रजा मेळना."

आणि त्यानंतर दादांना हे कदेलाचं वेड लागलं. त्यांचं दुसरं पालुपद होतं, "महेश सांगता." वसुलीवाल्याने ओळखपत्र दाखवलंच पाहिजे, महेश सांगता. बँकेने नेमल्याचं पत्र जवळ पाहिजे, महेश सांगता. सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातच्या नंतर नाही. शिवी नाही, धमकी नाही, एकाचं कर्ज दुसऱ्याला सांगणं नाही. घरात कोणी वारलं असेल तर त्या दिवसांत फिरकायचं नाही. फक्त हप्ता थकला म्हणून कोणाला तुरुंगात टाकत नाहीत, कोणी पोलिसाची भीती घातली तर आधी त्याला पाणी दे आणि मग त्याचं नाव विचारून घे. महेश सांगता!

एकदा सकाळी मी दुकान उघडतोय तोच फोन. माझ्या भाच्याने मोबाइल हप्त्यावर घेतला होता आणि माझा नंबर देऊन मोकळा झाला होता. पलीकडचा मला दरडावू लागला. दादांनी फोन माझ्या हातातून ओढला. "कोण रे तूं पुता? आठ जावंक नात अजून. दांत घांस, चा घे, मागीर कर. आनी भाच्याचें कर्ज मामाक सांगपाचो तुका अधिकार ना." फोन बंद. बरोबर आठाला पुन्हा वाजला. आता आवाजात साखर, "नमस्कार सर, आपल्या भाच्यांचा नंबर मिळेल का?" दादा मला म्हणाले, "बघ रघू, चा घेतल्यार मनीस सुधारता."

पण म्हणून कर्ज बुडवणाऱ्यांचे ते कैवारी होते असं मुळीच नाही. वसुलीवाला गेला की त्या घरवाल्याची हजेरी सुरू. घेतलंय ते फेडायचं, लपून बसायचं नाही, उद्या स्वतः शाखेत जा, हप्ता लहान करून माग, ऐकलं नाही तर लेखी तक्रार घाल, त्यानेही झालं नाही तर बँकांच्या लोकपालाकडे जा. वसुलीवाला परवडला, पण दादा नकोत, असं म्हणायची पाळी यायची.

कदेलाची एक गंमत सांगायलाच हवी. एकाचं कर्ज दुसऱ्याला कळू नये म्हणून दादा जिवाचं रान करायचे, आणि त्यांची ती लाल खुर्ची कोणाच्या दारी चाललीय ते अख्खा गाव बघायचा! शेवटी हप्ते थकलेल्या झिलूच्या बायकोने त्यांना गाठलं. "दादा, त्या वसुलेवाल्यान कोणाक कांय सांगूंक ना. तुमच्या कदेलान सांगलें." दादांचा चेहरा पडला. दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी पाहतो तर खुर्ची डोक्यावर घेऊन हजर. "कोणाकडे?" म्हटलं. "कोणाकडेच न्हय." त्या दिवसापासून ते रोज, काही काम नसताना, कुठल्याही घरी खुर्ची घेऊन जायचे, अंगणात मांडून थोडा वेळ बसायचे, गजाली करायचे आणि उठून पुढच्या घरी. सरपंचाकडे बसले, पोदेराकडे बसले, भटजींकडेही बसले. आता कदेल कुठे खरं आणि कुठे खोटं, कोणाला कळणार? डोकं चालायचं हो त्यांचं, उगाच नाही म्हणत.

दुसरी खोड मात्र मला आवडत नसे. वसुलीवाला उठला की दादा त्याला फाटकापर्यंत पोचवायला जायचे आणि हळूच विचारायचे, "जेवलो मरे? घरा फोन केलो मरे?" जेवलास ना, घरी फोन केलास ना. मी चिडवायचो, "दादा, तुम्ही त्याला हाकलायला आलात की जावई करून घ्यायला?" ते नुसते हसायचे.

गावात गाऱ्हाणं घालायचा मान दादांचा. परक्या वाचकासाठी सांगतो, आमच्याकडे कुठलंही कार्य असो, जाणता माणूस नारळ हातात घेऊन देवाला मोठ्याने साकडं घालतो. त्याच्या प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांचा व्हय आला नाही, तर ते मागणं देवापर्यंत पोचलं नाही असं समजतात. आणि नारळ हातात असताना खोटं बोलायचं नाही, हा पक्का दंडक. दादांचा आवाज असा लागायचा की माझ्यासारख्या हिशेबी माणसाच्या अंगावरही काटा यायचा.

तर गुरुदास आणि प्रमिलाच्या दीपालीचा साखरपुडा होता. नवऱ्याकडची मंडळी पेडण्याहून आलेली, मोठं खटलं, चौकस माणसं. गुरुदासाने पिकअप कर्जावर घेतलेला, आणि हप्ते थकलेले. गावात मला माहीत, दादांना माहीत. पेडण्याच्या मंडळींना कळलं असतं तर त्यांचा तो जाडजूड मामा ताटावरून उठला असता. प्रमिलाने सकाळीच दादांचे पाय धरले होते, "दादा, आजचो एक दीस."

आणि नेमका त्याच दिवशी, अकराच्या सुमाराला, माझ्या दुकानापुढे मोटरसायकल थांबली. हेल्मेट काढून एक पोरगेलासा तरुण विचारतोय, "मालक, गुरुदासांचं घर कुठलं वो?" समोर मंडप, आत सनई लावलेली. तेवढ्यात गाऱ्हाण्याचा नारळ घ्यायला दादाच दुकानात आले. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध. त्यांनी एका नजरेत ओळखलं. "पयलें बस," म्हणाले, आणि त्याला आतल्या पोत्यावर बसवून पाणी आणि गूळ दिला.

मग तपासणी. ओळखपत्र? होतं, फोटोही त्याचाच. पत्र? होतं, शिक्क्यासह. वेळ? अकरा, नियमात. आवाज? मऊ. मी दादांकडे पाहिलं, दादा माझ्याकडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नियमातला वसुलीवाला आला होता, तोही आजच!

"नांव कितें तुजें?"

"संतोष. गडहिंग्लजकडचा हाय मी."

"संतोष, दुःखाच्या दिसा येवचें न्हय, असो नेम आसा. आज ते चली दुसऱ्याक दितात. आवय सकाळसून रडटा. हें दुःख न्हय तर कितें?"

संतोष हसला. "काका, साखरपुड्याला दुःख म्हणू व्हय? मी चारचौघांत तोंड उघडत न्हाई, तेवढं कळतंय मला. पण त्यांना भेटल्याबिगर जाता येत न्हाई. सायेब फाडून खातोय. मी हितंच थांबतो, त्यांचं आवरलं की बोलतो."

"जेवलो मरे?"

त्याने मान हलवून नाही म्हटलं. दादांनी त्याचा हात धरला आणि सरळ मंडपात घेऊन गेले! मी गल्ला तसाच टाकून मागोमाग. गुरुदास विड्यांचं तबक घेऊन फिरत होता, त्याने ओळखपत्राची निळी दोरी पाहिली आणि तबक कलंडता कलंडता राहिलं. पेडण्याचा मामा लगेच पुढे झाला. "हे कोण?"

दादांच्या हातात नारळ. खोटं तर बोलायचं नाही. "म्हजो पावणो," ते म्हणाले.

"काय करतात?"

"घराघरांनी वता. लोकांची विचारपूस करता."

"अरे वा, समाजकार्य!" मामा खूश झाला आणि संतोषला शेजारी बसवून घेतलं. मी कपाळाचा घाम पुसला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. संतोष शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच दुकानात तो आणि गुरुदास बसले, दोघे मिळून शाखेत गेले, हप्ता लहान करून घेतला. पिकअप अजून गुरुदासाकडेच आहे, दीपालीच्या लग्नाचं सामानही त्यातूनच गेलं. पण मला सांगायचंय ते त्या दिवसाच्या गाऱ्हाण्याचं.

सगळे उभे राहिले. दादांनी नारळ कपाळाला लावला. "हे देवा म्हाराजा, ग्रामदेवते म्हाराजा, आज गुरुदासाच्या घरा बरें कार्य मांडलां, तें सुखान पार पडूं दी."

"व्हय म्हाराजा!"

"चलयेक आनी चल्याक बरी बुद्ध दी, दोनूय घरांची माया वाडय."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराचेर जो कितें भार आसा, तो हळूहळू उतरय."

"व्हय म्हाराजा!" मामाच सगळ्यांत मोठ्याने. गुरुदासाच्या डोळ्यांत पाणी.

इथे दादा नारळ खाली ठेवतात. आज ठेवला नाही. तसेच उभे राहिले, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज एकदम खाली आला.

"आनी एक म्हाराजा. म्हजो झिल महेश. हांवें गांवांत सांगलां, तो बँकेंत सायब आसा म्हूण. नारळ हातांत घेवन फट मारूंक म्हाका जायना. तो सायब न्हय म्हाराजा. तो थंय लोकांच्या दारांनी वसुलेक वता. दारांत उबो रावता, लोक ताका गाळी घालतात. आपल्या बापायच्या दारांत जे उबे रावले, तांचेंच काम आपूण करता म्हूण तो लजेन घरा येना. ताका खंयच्या तरी दारांत कोणें तरी कदेल दिवं म्हाराजा. पयलें बस, म्हणूं."

महेश साहेब नव्हता, वसुलीवाला होता. गावकरी एकमेकांकडे बघतायत, मामाचं तोंड उघडं. मी व्हय म्हणायचं विसरलो, आणि मनात एकेक गोष्ट उलगडत गेली. ते नियम, ते "महेश सांगता," ते पाणी-गूळ, फाटकापर्यंतचं ते विचारणं. प्रत्येक दारातल्या त्या परक्या पोराला दादा महेशसाठी बसवत होते. आणि आता ते नारळ धरून तसेच उभे होते, कारण एकाचाही व्हय येत नव्हता.

"व्हय म्हाराजा," कोणीतरी म्हणालं.

आमच्यापैकी नव्हतं ते. उच्चारही घाटावरचा. संतोष उभा होता, हात जोडून, मान खाली घालून.

मग आम्ही सगळे म्हणालो. मी तर इतक्या मोठ्याने ओरडलो की बायको आजही चिडवते. दादांनी नारळ खाली ठेवला, उपरण्याने डोळे पुसले, संतोषजवळ गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चल, पयलें जेव. मागीर घरा फोन कर."