काळी चौकट

फोटो कातरावा तर मीच! हे मी नाही म्हणत, माझी बायको दोन्का म्हणते. अर्थात, मी समोर बसून तीनदा विचारल्यावर.

आमच्या गावच्या वाचनालयात तीस वर्षं एक रंगीत फोटो लटकतोय. वाचनालयाच्या इमारतीचाच; पण त्यात विजेच्या तारा, निळी कचरापेटी आणि कुणाची तरी लाल गाडी! तो उतरवून मी काढलेला लावायचा का, हे रविवारी येणारे लोक हात वर करून ठरवणार होते.

मी कामाला लागलो. इमारतीचा नवा फोटो काढला; त्यातही तारा, पेटी, गाडी होतीच! डावीकडून तारा उडवल्या, उजवीकडून गाडी, खालून कचरापेटी. उरली दगडी कमान. तिच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून दारात उभे असलेले शिपाई मिंचोकाका तेवढे ठेवले. मग रंग काढून टाकले. अहाहा! दगड न् दगड बोलायला लागला! भोवती झोकदार काळी चौकट आखली, खाली छापलं, 'रविवारी अकरा वाजता, वाचनालयात. अवश्य यावे.' आणि गावभर खांबाखांबावर, दारादारावर चिकटवलं.

रविवारी बघतो तर ही रांग!

"कामेन, काय सुंदर काढलायस रे!" पाववाली वेलामावशी हुंदके देत म्हणाली.

"मावशी, रडताय कशाला?"

"रडू नको तर काय करू? कसा बघतोय बघ दारातून!"

कमानीत माणूस ठेवल्याचा परिणाम! माझा ऊर भरून आला. कुणी हातात फुलं दिली, कुणी साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाची वाटी.

"कामेन," दोन्का कानाशी लागली, "फुलं मोजलीस का?"

मोजली. दोन. चार. सहा. आम्हा बल्गेरियन लोकांत आनंदाला विषम फुलं, मयताला सम! आणि साखर पेरलेले गहूही मयतालाच!

आणि माणूस गेला की त्याचा काळापांढरा फोटो काळ्या चौकटीत घालून, खाली दिवस-वेळ छापून खांबाखांबावर चिकटवायची आमची रीत. मला जन्मापासून ठाऊक आहे. फक्त त्या आठवड्यात आठवली नाही! त्यात मिंचोकाका माझ्याकडे किल्ली देऊन आठ दिवस बुर्गासला लेकीकडे गेलेले!

इतक्यात अकराच्या बसमधून उतरून, पिशवी सांभाळत काका दारात हजर.

"एवढी गर्दी? कोण गेलं गं, वेला?"

"तू!" म्हणाली आणि मटकन खाली बसली.

खुलासा करता करता माझ्या तोंडाला फेस आला. तरी नेटाने ओरडलो, "फोटो आवडला त्यांनी हात वर करा!" हात वर जायलाही लागले, तोच काका गरजले, "खबरदार! मी इथे रोज झाडू मारतो. रोज स्वतःचं मयत बघू होय?"

झालं! सगळे हात खाली. दोन्काचासुद्धा!

लोक पांगल्यावर काका हळूच जवळ आले. "फोटो गुंडाळून दे मला. इतका रुबाबदार मी आयुष्यात दिसलो नव्हतो रे. वेळ येईल तेव्हा असाच लाव. फक्त वार बदल."

भिंतीवर अजून तोच रंगीत फोटो आहे, कचरापेटीसकट. असू दे! तीस वर्षांत तो बघून कुणी रडलंय का?