टाकीचा आकडा उलटला

"जुनं सगळं मुळासकट उपटून टाकलंय!" अनिरुद्धने सोमवारी सकाळी खराडीच्या ऑफिसात जाहीर केलं. थाट असा, की जणू खडकवासल्याचं धरण त्याने एकट्यानेच बांधलंय!

कंपनीचं काम साधं होतं. सोसायट्यांच्या टाक्यांत किती टक्के पाणी उरलंय, ते ॲपमधून टँकरवाल्यांच्या आणि ग्राहकांच्या मोबाइलवर दाखवायचं. आकडा दहाच्या खाली गेला की टँकर सुटायचा. अनिरुद्धने इंटरफेस नव्याने लिहिला, आणि त्याच जागी, त्याच नावाने, टाकी किती टक्के रिकामी आहे ते दिसू लागलं. 'जास्त लॉजिकल' म्हणे!

ग्राहकांचे फोन घेणाऱ्या पूर्णिमाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पहिला फोन एका सोसायटीच्या चेअरमनचा.

"मॅडम, टाकी काठोकाठ भरलेली असताना आपले टँकर ओतून गेले. जिन्यावर धबधबा झालाय. बघायला तिकीट लावू का?"

तो ठेवते तोच दुसरा.

"अहो, डोक्याला शांपू लावून उभी आहे मी! नळाला थेंब नाही, आणि ॲपवर पंच्याण्णव! त्या पंच्याण्णवने डोकं धुऊ?"

तिसरा फोन येरवड्यातल्या प्रसूतिगृहाचा. तिथलंही पाणी संपलं होतं. पूर्णिमाने ओळखीपाळखीत फोन करून तिथे कसाबसा एक टँकर धाडला आणि तरातरा अनिरुद्धच्या टेबलापाशी गेली.

"टँकरवाल्यांना कळवलं होतंस?"

"मेल टाकला होता ना."

"कोणाला?"

"आपल्या टीमला. शिवाय डॉक्युमेंटेशन आहे की!"

"लोणी काळभोरचे गेनबाशेठ टँकर सोडायचे थांबवून तुझं इंग्रजी डॉक्युमेंटेशन वाचत बसतील?"

"पण डिझाइन किती क्लीन झालंय बघ तरी!"

"क्लीन? तिकडे बाळंतिणींना अंघोळीला पाणी नाही!" पूर्णिमाच्या आवाजाने पलीकडची मीटिंग थांबली. "जुना आकडा जुन्या जागी लाव! आत्ता! तुझं नवीन काय ते शेजारी वेगळ्या नावाने ठेव!"

ती त्याच्या खुर्चीमागे अशी उभी राहिली, की त्याने चहासुद्धा मागितला नाही.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं पूर्ववत झालं. पूर्णिमाने सर्वांत आधी गेनबाशेठना फोन लावला.

"शेठ, सकाळच्या त्रासाबद्दल माफ करा. आकडा पहिल्यासारखा केलाय."



"म्हंजी? पुन्यांदा फिरवला व्हय?"

"हो! आता कमी आकडा म्हणजे कमी पाणी."

"अवो ताई, मग सांगायचं न्हाय का आधी? सकाळी दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या, तवाच म्या वळखलं, आकडा उलटा झालाय. समद्या ड्रायव्हरांना बजावलं, आजपासनं उलटं वाचायचं. झ्याक चाललं हुतं! आत्ताच समद्या गाड्या सोडल्या की!"

"कुठे?" पूर्णिमाने घाबरत विचारलं.

"जिथं जिथं नव्वदच्या वर हाय, तिथं!"

तिने फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजायला लागला.

"उचल तू," ती अनिरुद्धला म्हणाली. "मला आत्ता ज्या शिव्या सुचताहेत ना, त्या ग्राहकांना देता येत नाहीत!"