काळ्या हिऱ्याचा अर्थ

भाषेची व्याख्या कुठून सुरू होते, त्यावर तिचा स्वभाव ठरतो. प्रोग्रामिंगच्या भाषेची व्याख्या सुरू होते व्याकरणापासून. एक स्वल्पविराम चुकला की कॉम्प्युटर काम बंद करतो. आराखड्यांच्या भाषेचं उलट आहे. तिथे आधी जगात कुठल्या वस्तू आहेत आणि त्यांची नाती काय, हे ठरवतात. मग त्यांना चौकोन आणि रेघा बहाल करतात. अर्थ सवडीने.

आर्किटेक्टसाहेबांना ही दुसरी भाषा प्रिय होती. (ते इमारती बांधत नसत, सॉफ्टवेअरचे आराखडे काढत.) तिची सातशे पानी व्याख्या करणाऱ्या समितीवर ते स्वतः होते. अर्थ पान सहाशे बारावर होता. ते पान त्यांनी वाचलं नव्हतं, मंजूर केलं होतं.

एका इस्पितळासाठी त्यांनी 'खाट' आणि 'रुग्ण' हे चौकोन रेघेने जोडले आणि रेघेच्या खाटेकडच्या टोकाला हिरा, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी खूण, काढला. पोकळ हिरा केविलवाणा दिसला, म्हणून काळा भरला.

प्रोग्राम लिहिणार होती त्यांची बायको. तिने विचारलं, "अरे, हा मुद्दाम भरलायस?"

"अगं, चित्र आहे ते. भाव समजून घे."

"कॉम्प्युटरला भाव कळत नाही."

"मग आहे तसं लिही."

तिने लिहिलं. अकरा जणांनी मंजुरीच्या सह्या केल्या.

मंगळवारी सात नंबरच्या खाटेचं चाक तुटलं. सिस्टरनी खाट यादीतून काढली. तिच्याबरोबर रुग्णही गेला, त्याचं जेवण गेलं, दुपारचं इंजेक्शन गेलं.

सिस्टरचा फोन आला. "कॉम्प्युटर म्हणतो, सातचे आजोबा नाहीतच. मग मघापासून मला शिव्या कोण देतंय? इंजेक्शन मी कागद बघून दिलं, म्हणून निभावलं!"

बायकोने सहाशे बारावं पान उघडलं. 'काळा हिरा: मूळ वस्तू नष्ट झाली की तिचे भागही नष्ट होतात.' खाली सूचक म्हणून साहेबांचंच नाव होतं.

साहेबांनी ते पान प्रथमच वाचलं. ते तडक इस्पितळात गेले आणि हात जोडून उभे राहिले.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी खाटेचा पाय?"

"व्याख्येनुसार, हो," साहेब खाली मान घालून म्हणाले.

हिरा त्याच दिवशी पुसला गेला. आजोबा चार दिवसांनी बरे होऊन स्वतःच्या पायांनी घरी गेले.

आपण निश्चिंत असावं. शाळा, बँक, दवाखाना धरून आपलं नाव निदान चाळीस आराखड्यांत आहे. कुठली वस्तू मोडली की आपण जाणार, हे कुठल्यातरी पानावर रीतसर छापलेलं असतं. आणि खाली आपण 'वाचले, मान्य आहे' अशी खूण केलेली असते.